हरणाऱ्या संघात दोषाची वाटणी
वाचकांचे प्रश्न : क्रीडा सदर

गेल्या अंकात अमेरिकन फुटबॉलच्या नियमांची तोंडओळख करून दिल्यानंतर या सदराकडे बरीच पत्रे आली, आणि त्यांतली बहुतेक नियमांविषयी नसून पराभवांविषयी आहेत. इंदूरच्या अनेक मराठी घरांतली मुले आता अमेरिकेत नोकरी करतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात रविवारी रात्री साडेदहाला, सराफ्यातली खाऊगल्ली भरात आलेली असते त्याच सुमारास, तिकडचे दुपारचे सामने सुरू होतात. मुलांबरोबर फोनवर बोलत बोलत आईवडीलही ते पाहू लागले आहेत. आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा क्लीव्हलँडला असतो आणि तिथल्या ब्राउन्स संघाचा चाहता आहे. संघ हरला की तो आणि त्याचे मित्र क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, दोष देतात आणि त्याला बदला म्हणून हटून बसतात. मैदानात 11 जण असताना एकाच माणसावर खापर का फुटते? तो खरोखरच वाईट खेळतो की नाही, हे माझ्यासारख्या सामान्य प्रेक्षकाने कसे ओळखावे? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : खापर त्याच्यावर फुटते याचे कारण साधे आहे. चेंडू त्याच्या हातात असतो आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. बाकीचे 10 जण त्या वेळी काय करत होते हे प्रेक्षकाला नीट दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. संघाचे प्रशिक्षक मात्र सामना त्या चित्रात पाहत नाहीत. दोन्ही बाजूंचे सगळे 22 खेळाडू एकाच चौकटीत यावेत अशा रीतीने उंचावरून घेतलेले चित्रीकरण त्यांच्याजवळ असते. सामना झाल्यावर ते एकेक चाल थांबवून, पुन्हा मागे नेऊन पाहतात आणि प्रत्येक चालीसाठी प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे वेगळी नोंद करतात. त्या नोंदीमागचा मुख्य प्रश्न असा असतो की, या चालीत याला जे काम नेमून दिले होते ते त्याने केले का. चेंडू कोणाकडे गेला आणि किती यार्ड मिळाले, हे त्यानंतर येते.

या पद्धतीचे मोल मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी मुलीकडे ओहायोत मुक्कामाला असताना जावईबापूंनी एका रात्री जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मला एकच चाल दहा-बारा वेळा दाखवली. पहिल्या वेळी मला तेच दिसले जे साऱ्या स्टेडियमला दिसले होते. क्वार्टरबॅक मागे सरला, क्षणभर घुटमळला आणि चेंडूसकट जमिनीवर आला. मग त्यांनी आमटीची रिकामी वाटी उचलून पडद्यावर क्वार्टरबॅकच्या जागी धरली आणि म्हणाले, "बाबा, आता फक्त डाव्या टोकाच्या माणसाचे पाय बघा." तो लेफ्ट टॅकल होता. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याच्या पाठीमागची बाजू हाच माणूस राखतो. चेंडू मागे येताच त्याने गुडघे वाकलेले ठेवून बाहेरच्या पायाने मागे सरकायला हवे होते. तो आधी सरळ उभा राहिला, त्याचा डावा पाय आतल्या बाजूला पडला, आणि समोरच्याचा खांदा त्याच्या खांद्यापलीकडे निघून गेला. नंतर वाटी उजवीकडे सरकली. तिकडच्या रिसीव्हरने, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याने, 10 यार्डांवर आत वळायचे होते, तो 12 यार्डांवर वळला. म्हणजे क्वार्टरबॅकने पाचवे पाऊल टेकून त्याच्याकडे पाहिले तेव्हा त्याची पाठ फिरलेली होती. चुका दोघांच्या होत्या आणि आपटला तिसराच. मी 30 वर्षे शाळेत कबड्डी शिकवली आहे. साखळी तुटली की प्रेक्षक निसटलेला चढाईपटू पाहतात, पण हात कोणाचा सुटला हे मार्गदर्शकाला पाहावे लागते, असे मी मुलांना कायम सांगत आलो. तरीही वाटी पडद्यावर येईपर्यंत त्या लेफ्ट टॅकलकडे माझे लक्ष गेले नव्हते.

आता थोडे इतिहासाकडे पाहू. 2002 साली ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ मैदानात उतरला आणि त्याने ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडताना, पहिल्याच क्रमांकावर डेव्हिड कार या क्वार्टरबॅकला घेतले. त्या एका हंगामात त्याला प्रतिस्पर्ध्यांनी 76 वेळा चेंडूसह खाली पाडले. हंगाम तेव्हा 16 सामन्यांचा होता, म्हणजे सामन्याला जवळजवळ 5 वेळा. एका हंगामातला तो विक्रम अजून मोडलेला नाही. चेंडू फार वेळ हातात धरणारा क्वार्टरबॅक स्वतःही असे सॅक ओढवून घेतो, हे मान्य करायलाच हवे. पण ज्याला रोज मार खावा लागतो तो पुढे उघड्या रिसीव्हरकडे पाहण्याऐवजी अंगावर येणाऱ्यांकडे पाहायला शिकतो, आणि ती सवय एकदा लागली की सुटणे कठीण असते. कार पुढे मोठा क्वार्टरबॅक झाला नाही. तो मुळात कमी पडला की त्याला तसे घडवले गेले, याचा निवाडा नुसत्या आकड्यांवरून होऊ शकत नाही.

याच्या उलट उदाहरण जॅरेड गॉफचे आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते. 2016 च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्या वर्षी त्याने सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने संघ हरला, आणि संपूर्ण लीगमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत, सर्वांत कमी, म्हणजे 224 गुण रॅम्सचे होते. "चुकीचा माणूस निवडला" असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे हा अवघ्या 30 वर्षांचा प्रशिक्षक नेमला गेला, आणि त्याच गॉफला घेऊन रॅम्सने 478 गुण केले, जे लीगमध्ये सर्वाधिक होते. हे श्रेय सगळे मॅकव्हेला देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. त्याच उन्हाळ्यात संघाने अँड्र्यू व्हिटवर्थ हा अनुभवी लेफ्ट टॅकल आणला होता आणि रिसीव्हरही नवे घेतले होते. प्रशिक्षक, पाठराखण करणारा आणि चेंडू झेलणारे असे तिन्ही एकदम बदलल्यावर पहिल्या वर्षीच्या गॉफविषयी आपण नक्की काय म्हणू शकतो? एवढेच की, त्याच्या पहिल्या सात सामन्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

तुमच्या मुलाला एक गोष्ट अवश्य सांगा. ब्राउन्स संघ 1999 मध्ये पुन्हा उभा राहिल्यापासून तिथे 30 पेक्षा जास्त क्वार्टरबॅकांनी सामने सुरू केले आहेत. इतकी माणसे बदलूनही निकाल फारसा बदलत नसेल, तर तपास क्वार्टरबॅकच्या पलीकडे न्यायला हवा.

तुम्ही घरी बसून काय पाहावे, तर पुढील गोष्टी. क्वार्टरबॅकला जेव्हा स्वच्छ वेळ मिळतो, कोणी अंगावर आलेले नसते, तेव्हा तो चेंडू वेळेवर आणि योग्य माणसाकडे टाकतो का? तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, त्याला वारंवार दहा-बारा यार्ड काढावे लागत असतील तर पहिल्या दोन डाउनांना संघ काय करत होता? आणि सप्टेंबरात ज्या बचावाने तो फसला, त्याच बचावाने डिसेंबरातही फसतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" आणि तिसऱ्याचे "होय" असे हंगामभर येत राहिले, तर तुमच्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे असे मीही म्हणेन. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. नेमकी कोणती चाल ठरली होती हे आपल्याला बाहेरून कळत नाही. चेंडू रिकाम्या जागेत पडला तर फेकणारा चुकला की धावणारा, याचा उलगडा पुष्कळदा संघाच्या बैठकीतच होतो.

प्रश्न : खेळाडू तेच असताना संघ हरतो, मग प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यावरच काढून टाकतात. आपल्या मनाला हे पटत नाही. मार्गदर्शक चांगला की वाईट, हे खेळाडूंपासून वेगळे करून कसे पाहायचे? आणि त्याला किती काळ द्यावा? (बँकेतून निवृत्त झालेले वाचक, टिळक नगर, इंदूर)

उत्तर : वेगळे करून पाहण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे एक बाजू तशीच राहून दुसरी कधी बदलली ते शोधणे. याचे उत्तम उदाहरण तर आपल्याच शहराला जोडलेले आहे. विदर्भाने आपली पहिली रणजी करंडक स्पर्धा जिंकली ती इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, 2018 च्या 1 जानेवारीला दिल्लीला हरवून, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पुढच्या हंगामातही विदर्भच जिंकला. त्यानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे आले आणि जून 2022 मध्ये बेंगळुरूला मुंबईला हरवून मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. 1998-99 च्या अंतिम सामन्यात त्याच मैदानावर कर्नाटककडून हरलेल्या मध्य प्रदेशाचे कर्णधारही तेच होते, म्हणून तो दिवस इंदूरकरांना विशेष भावला. खेळाडू वेगळे, संघ वेगळा आणि यश मात्र त्याच माणसाच्या मागोमाग आले, तर त्यात त्या माणसाचा वाटा आहे असे म्हणायला आधार मिळतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये असा आधार मिळायला वेळ लागतो, कारण तिथे हंगामात संघाला 17 च सामने मिळतात आणि दरवर्षी खेळाडूंची मोठी अदलाबदल होते. म्हणून दोन हरणारे संघ शेजारी ठेवून पाहू.

क्लीव्हलँड ब्राउन्सने ह्यू जॅक्सन यांच्या हाताखाली 2016 मध्ये 16 पैकी एकच सामना जिंकला आणि 2017 मध्ये एकही नाही. तरीही त्यांना ठेवले गेले. 2018 मध्ये आठ सामन्यांत दोन विजय आणि एक बरोबरी झाल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना काढले. उरलेल्या आठ सामन्यांत त्याच खेळाडूंनी पाच विजय मिळवले. या मधल्या काळात फ्रेडी किचन्स यांनी हल्ल्याची सूत्रे सांभाळली होती, त्यामुळे भारावून जाऊन व्यवस्थापनाने पुढच्या वर्षी त्यांनाच मुख्य प्रशिक्षक केले. त्यांच्या एकमेव हंगामात संघाने सहा जिंकले आणि दहा हरले. मग 2020 मध्ये केव्हिन स्टीफान्स्की आले, आणि बेकर मेफील्ड या त्याच क्वार्टरबॅकला घेऊन संघ 11 सामने जिंकून प्लेऑफमध्ये गेला. आठ सामन्यांची लाट पाहून माणसाची पारख करू नये, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या आठ सामन्यांचा आनंद खरा होता, पण सगळा आठवडा, सगळा संघ आणि सगळे सहायक सांभाळण्याची परीक्षा त्यात झालीच नव्हती.

डेट्रॉइट लायन्सची गोष्ट वेगळी आहे. 2008 मध्ये 16 पैकी 16 सामने हरलेला हा संघ. 2021 मध्ये डॅन कॅम्पबेल प्रशिक्षक झाले आणि पहिले 11 सामने विजयाविना गेले. त्यातला एक तेवढा बरोबरीत सुटला. पहिला विजय 5 डिसेंबरला, मिनेसोटाविरुद्ध, अगदी शेवटच्या चालीवर मिळाला. दुसऱ्या वर्षी पहिल्या सातपैकी सहा हरले. नुसता गुणतक्ता पाहणाऱ्याने तेव्हाच त्यांना घरी पाठवले असते. पण जो मैदानाकडे पाहत होता त्याला काही गोष्टी दिसत होत्या. पहिल्या हंगामाच्या मध्यावर हल्ला अडखळतो आहे असे दिसताच कॅम्पबेल यांनी चाली ठरवण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि बेन जॉन्सन या तरुण सहायकाला पुढे आणले, त्यालाच पुढच्या वर्षी हल्ल्याचा प्रमुख केले. 2021 च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड पेनेई सूएल या टॅकलची होती, म्हणजे पाठराखणीपासून बांधणी सुरू झाली होती. आणि संघ हरत असताना खेळाडू शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजत होते. त्या दुसऱ्या वर्षी उरलेल्या दहापैकी आठ सामने जिंकले, 2023 मध्ये 12 आणि 2024 मध्ये 15. क्वार्टरबॅक कोण होता? तोच जॅरेड गॉफ, ज्याला रॅम्सने मॅथ्यू स्टॅफर्डच्या बदल्यात डेट्रॉइटला देऊन टाकले होते.

तेव्हा माझे मत असे की प्रशिक्षकाला आधी त्याच्या हातातल्या गोष्टींवर तोलावे. चेंडू हलण्याआधीच होणाऱ्या पेनल्टी, मैदानात चुकून उतरलेला बारावा माणूस, वाया घालवलेले टाइमआउट, राखीव खेळाडूला आयत्या वेळी काम माहीत नसणे, मध्यंतरानंतर तीच चाल तशीच पुढे रेटणे, या गोष्टींना नशीब किंवा दुबळे खेळाडू हे कारण पुरत नाही. आणि त्याहूनही मोठी कसोटी म्हणजे तरुण खेळाडू त्याच्या हाताखाली सुधारतात की जिथल्या तिथे राहतात. या बाबतीत सुधारणा असेल तर दोन पूर्ण हंगाम द्यावेत. नसेल तर पहिल्या वर्षानंतर निरोप देण्यात मला अन्याय वाटत नाही. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांची क्लीव्हलँडमधली पाच वर्षे 36 विजय आणि 44 पराभवांची होती आणि न्यू इंग्लंडमधले पहिले वर्ष 5 विजय आणि 11 पराभवांचे. पुढे तिथेच त्यांनी सहा सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. हे उदाहरण धीर धरायला सांगणारे प्रत्येक जण देतात. पण पहिल्या वर्षी तसेच हरून पुढेही हरतच राहिलेल्यांची नावे कोणाला आठवत नाहीत, म्हणून या एका उदाहरणावर फार भार टाकू नये.

तिसरा पक्षही विसरू नका, तो म्हणजे खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजर. खेळाडूंच्या पगारावर लीगची मर्यादा असते. 2024 मध्ये ती प्रत्येक संघाला सुमारे 25 कोटी 54 लाख डॉलर होती, आणि त्यात 53 जणांचा संघ बसवायचा असतो. एकाला फार दिले की दुसरीकडे कात्री लागते. त्यामुळे एखादा खेळाडू "वाईट" नसतो, दिलेल्या पैशांच्या मानाने कमी असतो, आणि हा दोष त्याचा नसून करार करणाऱ्याचा आहे. बँकेत कर्जप्रकरणे तपासली असतील, तर हा फरक तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको.

प्रश्न : कितीही विश्लेषण केले तरी शेवटी विजय-पराभवच मोजतात ना? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : प्लेऑफमध्ये कोण जाणार हे त्यावरच ठरते, हे खरे आहे. पण संघ कसा आहे हे त्यावरून ठरवले तर फसगत होते. 2022 मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने 17 पैकी 13 सामने जिंकले, पण हंगामात त्यांनी केलेले गुण 424 होते आणि दिलेले 427. त्यांचे 11 विजय आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने होते आणि अशा चुरशीच्या सामन्यांत ते एकदाही हरले नव्हते. त्याच गटातल्या डेट्रॉइटने 9 च सामने जिंकले, पण दिलेल्यापेक्षा जास्त गुण केले होते. पुढच्या वर्षी मिनेसोटाने 7 जिंकले आणि डेट्रॉइटने 12. मिनेसोटाचा क्वार्टरबॅक त्या वर्षी जायबंदी झाला होता हे सांगायला हवे. तरीही अंड्याच्या आकाराचा चेंडू हातातून सुटून कोणाकडे उसळेल, यावर कोणत्याही प्रशिक्षकाचा ताबा नसतो, आणि थोडक्या फरकाचे सामने पुष्कळदा अशा एखाद्या उसळीवर फिरतात. हरणाऱ्या संघाची पारख करताना म्हणून आधी पाहावे की तो किती फरकाने हरला.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या मुली फ्लॅग फुटबॉल, म्हणजे धावणारीला न पाडता तिच्या कमरेची झेंडी ओढून अडवण्याचा प्रकार, खेळू लागलो आहोत. आतापर्यंतचे सगळे सामने हरलो. आमच्यात नक्की कोण कमी पडते हे कसे शोधावे? भांडणे न होता शोधायचे आहे. (एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला फार आनंद झाला. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत पहिल्यांदाच खेळला जाणार आहे, आणि ऑलिंपिकसाठी अजून बराच वेळ असला तरी तुम्ही सुरुवात केली हे महत्त्वाचे आहे.

"कोण कमी पडते" असा प्रश्न न घेता "कुठे कमी पडतो" असा प्रश्न घ्या, म्हणजे भांडणाचे अर्धे कारण जाईल. तुमच्याकडे पाचच जणी मैदानात असतात, त्यामुळे काम सोपे आहे. मोबाइल गॅलरीच्या कठड्यावर किंवा गच्चीवर, संघाच्या पाठीमागच्या बाजूला उंच ठेवा, म्हणजे दोन्हीकडच्या दहा जणी एका चौकटीत येतील. मोबाइल कोणाच्याही मागे फिरवू नका. प्रत्येक चालीआधी पाचही जणींनी आपले काम मोठ्याने सांगावे, म्हणजे ते आवाजासकट नोंदले जाईल. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाहताना प्रत्येकीने फक्त स्वतःची नोंद करावी. सांगितलेले काम झाले तर बरोबरची खूण, नाही तर फुली. दुसरीविषयी कोणी बोलायचे नाही. बचावाच्या वेळी एवढेच मोजा की कमरेच्या पट्ट्याची झेंडी पहिल्याच प्रयत्नात किती वेळा हाती लागली आणि किती वेळा सुटली. नवख्या संघांचे बरेचसे गुण या सुटलेल्या झेंड्यांतून जातात, आणि ती चूक सुधारायला वेगही लागत नाही आणि उंचीही नाही. धावणाऱ्या मुलीच्या डोळ्यांकडे किंवा खांद्यांकडे न पाहता तिच्या कमरेकडे पाहायचे, पावले लहान ठेवायची आणि हात आधी खाली न्यायचा.

तीन सामन्यांच्या फुल्या जमल्या की त्या घेऊन पुन्हा लिहा. कोणत्या चालीत सर्वांत जास्त फुल्या पडतात तेही लिहा. पाचपैकी चौघींची फुली एकाच चालीवर पडत असेल, तर ती चाल तुमच्या संघाला झेपणारी नाही, आणि ती बदलण्याविषयी मी पुढच्या अंकात लिहीन.